गोडं पाणी

रमाकांतची सेकंडहँड गाडी घोडबंदरपर्यंत मजेत जायची, पण नुसती उभी ठेवून इंजिन चालू राहिलं की काटा लालवर चढायचा. रविवारी त्याने बॉनेट उघडलं. पंखा फिरत होता, पट्टाही ठीक होता. मग इंजिन गार झाल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं, तर बोटाला पांढरा, खरबरीत लगदा लागून आला.

"ममता, हे बघ! आपल्या बोरिंगचा खार बसलाय आत. धावताना वारा लागतो म्हणून निभतं, उभी राहिली की तापते. असलं पाणी कोणी घालतं का?"

त्याच्या बोटाकडे बघून ममताला शिसारी आली. कडेवरच्या आठ महिन्यांच्या समिधाच्या पोटात रोज हेच जात होतं. पोरीचं पोट सारखं बिघडतंय, कुठून तरी गोडं पाणी आणा, असं सांगून ती दमली होती. "अगं, अख्खी बिल्डिंग हेच पितेय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. आज एकदाचं याने डोळ्यांनी बघितलं, तिला वाटलं.

सोमवारी ऑफिसातून येताना तो दहिसरहून गोड्या पाण्याचा कॅन खांद्यावरून घेऊन आला, घामाने निथळत. ममता समिधाच्या दुधाचं पातेलं घेऊन धावलीच.

"अगं, हात नको लावू! रेडिएटरला आणलंय. पोरीचं काय, तिला सवय झालीय आता."