बाल्कनीतला पट्टा

सुलेखाताईंच्या छातीतलं यंत्र थरथरलं. हृदय चालवायला चारच टक्के चार्ज उरला होता आणि त्यांचा चार्जिंगचा पट्टा सकाळपासून बंद पडलेला.

"ताई, माझा लावता का?" भांडी घासता घासता पारूबाईंनी विचारलं.

पारूबाईंच्या छातीतही तसलंच यंत्र होतं. त्यांच्या चहाचा कप या घरात वेगळा होता, तसा पट्टाही सुलेखाताईंनी वेगळा घेतला होता आणि त्याची वायर बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे भिंतीला पक्की बसवून टाकली होती. वायर इतकी आखूड, की फरशीवरच बसावं लागे.

सुलेखाताई फरशीवर बसल्या. पारूबाईंनी साबणाने हात धुतले, पट्टा ओल्या फडक्याने दोनदा पुसला आणि मगच पुढे केला.

"स्वच्छ पुसलाय," त्या म्हणाल्या.

सुलेखाताईंना वर बघवेना. चाळीस मिनिटं त्या मशीनच्या पाठीकडे बघत बसल्या. चार्ज भरल्यावर पट्टा काढला आणि परत देण्याआधी पुसायला फडकं शोधू लागल्या.

"राहू द्या ताई," पारूबाई म्हणाल्या, "मला चालतं."