वगळलेला भाग

“बाबांमध्ये खूप फरक पडलाय, मॅडम,” नाफडेंची सून समुपदेशक बाईंना उत्साहाने सांगत होती. मुलगाही मान डोलावत होता. नाफडे खाली पाहत बसले होते.

मागच्या भेटीत बाईंनी त्यांना सांगितले होते, “‘घरात माझी कुणाला गरज नाही’ हा विचार खरा आहे का, ते आठवडाभर तपासा. मग घरच्यांना मीच फोन करून बोलावते. विचार पारखणं आणि कुटुंबाशी बोलणं, दोन्ही पद्धती जोडून पाहू.”

तंत्रनिकेतनात यंत्रे शिकवण्यात नाफडेंची हयात गेली होती. एखादा भाग आवश्यक आहे का, हे तो काढून यंत्र चालवल्याशिवाय कळत नाही, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. म्हणून आठवडाभर ते स्वतःहून एक शब्दही बोलले नाहीत. कुणीतरी ‘बाबा, गप्प का?’ असे विचारील आणि आपला विचार खोटा ठरेल, एवढीच त्यांची आशा होती.

“आधी सारखी कटकट. गीझर बंद करा, दूध झाका,” मुलगा हसला. “आता चकार शब्द काढत नाहीत. घर कसं शांत! तुम्ही फोनवर म्हणालात त्या दोन पद्धती अगदी लागू पडल्या बघा.”

बाईंचा चेहरा उतरला. “काका, तुम्ही सांगा. काय झालं?”

नाफडेंनी तोंड उघडले, तोच सून हसत म्हणाली, “नको ना, मॅडम! आता कुठे गप्प झालेत. पुन्हा बोलतं नका करू त्यांना.”