दिव्यानीचं नाव

“हे पुसून द्या, मॅडम,” म्हणत सुगंधाबाईनं मोबाईल पुनमच्या टेबलावर ठेवला.

पडद्यावर शाळेच्या निळ्या ड्रेसमधली एक मुलगी होती. शाळेच्या ओट्यावर उभी राहून ती रडकुंडीला येऊन काहीतरी समजावत होती आणि भोवती पोरं हसत होती. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, ‘मोबाईल चोर दिव्यानी’. वर गावाचंही नाव.

“आवाज नका लावू,” सुगंधाबाई म्हणाली.

“चोरला होता काय तिनं?” हा प्रश्न पुनम आधीच विचारून घ्यायची.

“नाई. मास्तरचा मोबाईल त्याच्याच गाडीच्या डिक्कीत भेटला. पन थे कोनी टाकलं नाई याच्यावर.”

पुनमचं मुलचेऱ्यात कॉम्प्युटर सेंटर होतं. अलीकडे दहावी-बारावीची पोरं तिच्याकडे नेटवरचं आपलं नाव निस्तरायला येत. कुणी रागाच्या भरात शिव्या टाकलेल्या, कुणाचा नको तो फोटो मित्रानंच फिरवलेला. पोरांचं काय, बोट मोबाईलवर अन् अक्कल खुंटीवर! नर्सिंगची ॲडमिशन, पोलीस भरती जवळ आली की मग धावाधाव. पुनम आधी चांगली झापायची, मग चहा पाजायची आणि शेजारी बसवून एकेक गोष्ट काढायला शिकवायची. अधूनमधून आपलं नाव शोधून पाहत जा, हे तिचं पालुपद.

“पोरीलाच घेऊन या न. तिच्या खात्यातून तक्रार केली की काम लवकर होते.”

“इतक्या दूर नाई आनता येत तिले.”

“होस्टेलच्या ॲडमिशनचं काम आहे काय?”

“मोठं काम हाय.” सुगंधाबाईनं पदरानं पडदा पुसला. “आमच्या गावचे मुखरूबाबा म्हंतेत, नाव साफ झाल्याबिगर पुढं जाऊ नका. आयतवारी कार्यक्रम ठेवला हाय.”

म्हणजे होस्टेलच. गावातली पोर शिकायला निघाली की हल्ली सत्कार करतातच, असं पुनमनं मनाशी धरलं.

मोहफुलांचे दिवस होते. पहाटेपासून फुलं वेचून आलेल्या सुगंधाबाईच्या लुगड्याला तो गोड, जड वास होता. दुपारच्या झळांत तो खोलीभर पसरला आणि पुनमला आपण जागे आहोत की डोळा लागलाय, तेच कळेना. व्हिडिओतली मुलगी परत परत हात हलवत होती. बाहेर पानगळीतून वारा चालला होता.

व्हिडिओ टाकणारा रोशन, दिव्यानीच्याच वर्गातला. आता चंद्रपूरला आयटीआय करत होता. सुगंधाबाईकडून नंबर घेऊन पुनमनं फोन लावला.

“दिव्यानीच्या व्हिडिओबद्दल बोलते. तिची आई बसली आहे माझ्यापुढे.”

पलीकडून अगदी हळू, “काकू काई म्हनल्या काय?”

“म्हणायला काही ठेवलंस काय तू? आजच्या आज काढ ते.”

“काढतो, ताई. मले थे उघडून पाहाची हिंमतच नाई झाली.”

“टाकताना बरी झाली होती! आणि नुसतं काढून भागत नाही. तिच्यासमोर उभा राहून माफी माग.”

सुगंधाबाईनं हात पुढे केला, फोन कानाला लावला.

“रोशन, आयतवारी गावात ये. भेट तिले.”

फोनमधून हुंदका ऐकू आला. बरी जिरली, असं पुनमला वाटलं आणि त्याची थोडी दयाही आली.

पण एकानं काढून काय होणार? फुटलेल्या पोत्यातल्या धानासारखा तो व्हिडिओ कुठे कुठे सांडला होता. पुनमनं हट्टच धरला. सेंटरवरच्या पोरींना हाताशी घेतलं. कुणाला विनवलं, कुणाला पोलिसांची भीती घातली, जे ऐकेनात त्यांच्या तक्रारी टाकल्या. शनिवारी तिनं पुन्हा दिव्यानीचं नाव शोधलं. कबड्डीच्या संघाचा एकच फोटो आला. मागच्या रांगेत ती हसत होती. कधी न भेटलेल्या या पोरीसाठी पुनमचे डोळे भरून आले.

रविवारी सकाळीच ती स्कूटीवर निघाली. दिव्यानीला प्रमाणपत्रं ठेवायला चेनची फाईल घेतली होती. रस्ताभर मोहाची झाडं, खाली पिवळसर फुलांचा सडा, टोपल्या घेतलेल्या बाया धुरकट उजेडात येत होत्या, जात होत्या. हा रस्ता संपूच नये, असं तिला वाटत राहिलं.

सुगंधाबाईच्या अंगणात सारं गाव बसलं होतं. रोशन कुडाशी मान खाली घालून उभा होता. पांढऱ्या केसांचे मुखरूबाबा पितळी वाटीत पाणी घेऊन बसले होते. पुनमची नजर गर्दीत व्हिडिओतली ती मुलगी शोधत होती.

“दिव्यानी कुठी आहे?”

“थांबा. आधी बाबाले सांगा.”

मुखरूबाबांनी पुनमकडे पाहिलं. “नाव साफ हाय काय, बाई?”

“साफ आहे, बाबा. मी स्वतः पाहिलं.”

त्यांनी नाव पुटपुटत तांदळाचा एक दाणा पाण्यात सोडला, मग दुसरा. दाणे तरंगत तरंगत एकमेकांना जाऊन भिडले. बायांनी गाणं धरलं. सुगंधाबाई घरात गेली, बाहेर आली आणि लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ तिनं पुनमच्या मांडीवर ठेवलं.

“माही पोरगी मागच्या पावसाळ्यात तापात गेली, मॅडम. आता सुनेच्या पोटी परत आली. दाने भिडले, म्हंजे थोच जीव अन् थेच नाव.” मग ती कुडाकडे वळली. “ये, रोशन. माग माफी. जागी हाय दिव्यानी.”