न सोललेला वडा

"दोन वडापाव द्या. चटणी जास्त घाला, आणि तळलेली मिरचीही," सत्यशीलाबाई म्हणाल्या, तेव्हा संभाजीच्या हातातला झारा कढईवरच थांबला.

स्वारगेटच्या थांब्याशेजारी त्याची वड्यांची गाडी. दर महिन्याला इस्पितळातून परतताना सत्यशीलाबाई आणि त्यांचे यजमान भीमराव हडपसरच्या बसची वाट बघत त्याच्या गाडीमागच्या बाकावर बसत, डबा उघडत आणि उकडलेले मूग नि काकडी खात. गिऱ्हाईक म्हणून त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. वडे तळणाऱ्याच्या नाकासमोर बसून काकडी खाणं म्हणजे जरा अतीच, असं तो त्यांना तोंडावर म्हणे. पाणी मात्र न मागता देई. आज सूर्य कुठून उगवला, असं त्यानं विचारलं. सत्यशीलाबाई हसल्या नाहीत. वडापाव घेऊन बाकाकडे वळल्या.

अकरा वर्षांपूर्वी भीमरावांच्या छातीत कळ आली, तेव्हापासून घराबाहेर काय खायचं याचा कायदा सत्यशीलाबाईंच्या हाती होता. इडली चालेल, चटणी नको. फुटाणे चालतील, खारे नकोत. अंड्यातलं पांढरं तेवढं. वडापाव वर्षातून एकदाच, चौदा एप्रिलला, मिरवणूक बघून परतताना. तोही बाई आधी वड्याचं बेसनाचं कवच सोलून काढत, आतला बटाटा कागदात दाबून दाबून तेल टिपून घेत आणि अर्ध्या पावात घालून देत. भीमराव त्याला वड्याचा सांगाडा म्हणत आणि शेवटचा कणही चाटूनपुसून खात. त्यांच्यासमोर नको म्हणून बाईंनी स्वतःही अकरा वर्षांत एकही वडा खाल्ला नव्हता.

आज सकाळी डॉक्टरांनी भीमरावांना रक्तदाब मोजायला बाहेर पाठवलं आणि बाईंना थांबवून घेतलं. गेल्या खेपेच्या तपासणीत पोटात गाठ निघाली होती आणि ती पसरली होती. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. दोन महिने, फार तर तीन.

"हृदय मात्र उत्तम आहे त्यांचं. तुम्ही फार जपलंत," डॉक्टर म्हणाले. "आता पथ्य सोडा. त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या."

सत्यशीलाबाईंना आधी रडू आलं नाही, स्वतःचा राग आला. सोललेला एकेक वडा आठवला. मग त्यांनी तोंड धुतलं आणि बाहेर येऊन भीमरावांना सांगितलं, की पोटाला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. अगदी नीट सांगितलं. आवाजसुद्धा हलला नाही. भीमरावांनी मान डोलावली आणि फाइल काखेत मारून ते चालू लागले.

आता बाकावर बसून भीमरावांनी हातातल्या वडापावकडे पाहिलं. वडा कवचासकट होता. कागदावर तेलाचा डाग पसरत होता. वास तर थेट पोटात उतरत होता.

"चौदा एप्रिल आहे का आज?" त्यांनी विचारलं.

सत्यशीलाबाई म्हणाल्या, गरम आहे तोवर खा, एक दिवस खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. म्हणताना त्या संभाजीच्या कढईकडे बघत होत्या.

भीमरावांनी फाइल मांडीवर घेतली. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात त्यांनी कागद सांभाळले होते. कुठलाही कागद हातात आला की त्यांची नजर आधी रिकाम्या जागेवर जायची. मांडीवरच्या फाइलीच्या पुठ्ठ्यावर 'पुढची तारीख' असा रकाना होता. डॉक्टर दर खेपेला त्यात पुढच्या महिन्याची तारीख घालत. एकाखाली एक तारखा उतरल्या होत्या. आजची ओळ कोरी होती. भीमरावांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि वडापावचा कागद पुन्हा मिटून तिच्या हातात दिला.

"तेल फार आहे गं," ते म्हणाले. "काकडी नाही आणलीस?"

काकडी होती. पहाटे पाच वाजता, काही ठाऊक नसताना, चिरलेली. सत्यशीलाबाईंनी पिशवीतून डबा काढला. झाकण लवकर उघडेना, तेव्हा भीमरावांनीच ते उघडलं. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावत राहिले. डोळे मात्र तिच्या मांडीवरच्या वडापाववर होते. आयुष्यात त्यांना दुसरं कुठलं खाणं इतकं आवडलं नव्हतं, हे सत्यशीलाबाईंना ठाऊक होतं.

"घ्या ना हो," त्या म्हणाल्या. "माझं ऐका."

"अकरा वर्षं तुझंच ऐकलंय. आता कुठं मोडायचं?" भीमराव म्हणाले. मग जरा थांबून, सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "पुढची तारीख कितीची दिलीय डॉक्टरांनी?"

हडपसरची बस आली. माणसं चढली. दोघंही उठली नाहीत. बस गेली.

"पंधरा," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

भीमरावांनी खिशातलं पेन काढलं. फाइल गुडघ्यावर सरळ धरली आणि कोऱ्या ओळीत, आधीच्या तारखांच्या बरोबर खाली, कचेरीतल्या वळणदार अक्षरात पंधरा तारीख लिहिली. पुढे महिना घातला, वर्ष घातलं. पेनला टोपण लावून खिशात ठेवलं.

मग त्यांनी डब्यातली दुसरी फोड उचलली आणि तोंडाशी नेता नेता थांबले.

"मीठ नाही ना लावलंस?"