राळेगावचं एकेरी भाडं

घरून काम जमलं, तर सलीलचे रोजचे अडीच तास आणि राळेगावच्या एसटीचं भाडं वाचणार होतं. मिरवायला मिळणार होतं ते वेगळंच. नागपूरचा इंजिनिअर जिथे तीनदा हात टेकून गेला, तिथे सलीलनं यवतमाळात घरबसल्या राळेगावच्या ऑफिसातलं कापूस-जिनिंगच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं, असं.

आता पडद्यावर एवढंच अडत होतं: ‘सलील आधीच जोडलेले आहेत.’

काल बंद करायचं राहिलं असेल. त्यानं ऑफिसच्या चौकीदाराला फोन लावला.

“मारोतराव, माझा कम्प्युटर चालू आहे का?”

“तुम्हीच तं चालवून राह्यले साहेब. आत बसून मले फोन कायले करता?”

सलील हसला. मारोतरावांची थट्टा जुनीच. ‘आधीची जोडणी तोडायची?’ त्यानं ऐटीत ‘हो’ दाबलं.

झटक्यात जोडलं गेलं. ऑफिसात तो रोज सकाळी सगळ्यात आधी त्यात स्वतःचा प्रवासखर्च लिही. आजचा लिहिलेला होता: यवतमाळ ते राळेगाव, एकेरी.

“साहेब, कुठं गेले?” फोनवर मारोतरावांचा आवाज उतरला. “खुर्ची तं अजून गरम हाये.”

सलीलनं घरच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. आजच्या तारखेचं तिकीट निघालं. पाकिटात तेवढेच पैसे कमी होते.

भाडं त्यानंच भरलं होतं.