गोणीवरचा फोटो

कंपनीच्या साहेबाने खोकणारं डुक्कर काखोटीला मारून अंगण ओलांडलं आणि समोरच्या शेडमध्ये सोडून दिलं. मालकीण तिथेच दारात गमबूट बदलत होती.

“अहो साहेब, हे काय चाललंय?”

“काही नाही वहिनी. आज वजनं करायचीत ना, जरा मांडामांड.”

मांडामांड म्हणे! एका शेडमधल्या डुकरांना कंपनीची पावडर खाद्यात कालवून मिळत होती. त्यांच्या पाठीवर लाल पट्टा. समोरच्या शेडमध्ये तेच खाद्य, पण बिनपावडरीचं, आणि पट्टा निळा. पावडरीने डुकरं झपाट्याने वाढतात, खोकला जवळ फिरकत नाही, हे आज काट्यावर सिद्ध व्हायचं होतं. आणि नेमकं लाल पट्ट्याचं एक डुक्कर खोकून खोकून कुत्र्याएवढंच राहिलं होतं.

साहेबाने डब्यातला निळा रंग त्याच्या लाल पट्ट्यावर फवारला. पट्टा झाला जांभळा. एवढा शिकलेला माणूस, पण लबाडीसुद्धा धड जमेना!

“त्याला बाजूला काढा, बाजूला काढा, म्हणून मी घसा कोरडा केला,” मालकीण म्हणाली. “तेव्हा म्हणालात, प्रयोग चालू आहे, हात लावू नका. आणि आज माझ्या धडधाकट डुकरांत सोडता?”

“तासाभराचा तर प्रश्न आहे.”

“खोकल्याला घड्याळ कळतं का?”

तिचा आवाज चढला होता. का नाही चढणार? इकडून तिकडे जाताना ही बाई दर वेळी गमबूट बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची. इकडचा खोकला तिकडे जाऊ नये म्हणून घाण काढायचं फावडंसुद्धा वेगळं ठेवलं होतं. आणि या गृहस्थाने आख्खं डुक्करच आणून सोडलं.

निळ्या पट्ट्याची डुकरं नव्या पाहुण्याला हुंगायला धावली. तिने फळी आडवी धरली आणि त्याला कोपऱ्यात घेऊन स्वतः मध्ये उभी राहिली. “अहो!” ती ओरडली. “आधी इकडे या!”

नवरा अंगणात कंपनीच्या फोटोवाल्याकडून फोटो काढून घेत होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात पावडरीची गोणी. पुढच्या मालाच्या गोण्यांवर त्याचा फोटो छापणार होते. चार दिवस त्याने घरात दुसरा विषय काढला नव्हता. तो आला तेव्हा फोटोसाठीचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं.

“अगं, जाऊ दे ना. पाहुण्यांसमोर कशाला?”

“जाऊ दे? यातलं एक जरी उद्या खोकलं ना, तर सगळी शेड आडवी होईल. मग घाला गोणीवरचा फोटो पाण्यात आणि पाजा त्यांना!”

कोपऱ्यातलं डुक्कर खोकलं. खोकताना त्याचे मागचे पाय दुमडले आणि ते बसलं, ते उठेचना.

नवऱ्याने त्याच्या पाठीकडे पाहिलं. “साहेब, हा पट्टा जांभळा कसा?”

“फोटोत कळत नाही हो ते.”

नवऱ्याने गोणी खाली ठेवली, तो वाकला, आणि डुकराला लेकरासारखं छातीशी उचललं. ओला रंग शर्टाला लागला. त्याला तसंच घेऊन तो अंगणात गेला आणि मघाशी उभा होता तिथेच पुन्हा उभा राहिला. फोटोवाल्याने साहेबाकडे पाहिलं. साहेब मान हलवून नको नको म्हणत होता.

“त्यांच्याकडे काय बघता? काढा,” नवरा म्हणाला. “आणि गोणीवर आम्हा दोघांनाही छापा.”