ओढलेला हँडब्रेक

मागचं चाक काही केल्या फिरेना. हमीदू मिस्त्रीनं ड्रमवर चार हातोडे घातले, कपाळाचा घाम बाहीला पुसला आणि गाडीखालूनच ओरडला, "मावशी, हे चाक नाही, थडगं आहे!"

तसादित गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. ते दार बावीस वर्षांनी उघडलं होतं. तिच्या मुलीला, नसीमाला, तिथे शिवणाचं दुकान काढायचं होतं. त्यासाठी आतली जुनी पांढरी प्यूजो गाडी निघायला हवी होती.

"तोड, भंगारात घाल, काहीही कर," तसादित म्हणाली. "गाडी त्याची आहे. मला तिची माया नाही."

तो म्हणजे अरेझ्की, तिचा नवरा. त्याचं नाव या घरात कुणी घेत नसे. पंचाण्णव सालच्या मार्चमध्ये तो पळून गेला होता. आधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "एक दिवस समुद्रापलीकडे निघून जाईन, मग बस बोंबलत," असं तो म्हणाला, आणि ती पोरीला कडेवर घेऊन तडक भावाच्या गावी गेली. चार दिवसांनी परतली तर घराला कुलूप. गाडी गॅरेजात, किल्ली खिळ्याला, माणूस नाही. ठाण्यावरचा शिपाई हसला होता. "मादाम, नवरे पळतात." पुढे एका चुलतभावानं अरेझ्कीला समुद्रापलीकडे, फ्रान्समधल्या मार्सेयच्या कॉफीघरात पाहिल्याचं सांगितलं. पाठमोरा पाहिला होता, पण तिला तेवढं पुरलं. तुझा बाप आपल्याला टाकून गेला, हेच सांगत तिनं नसीमाला वाढवलं. नसीमाच्या लग्नात बापाच्या जागी मामा बसला.

हमीदू गाडीखालून बाहेर आला. त्यानं गाडीचं दार ओढून आत डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

"घ्या! हँडब्रेक ओढलेला आहे. तोही शेवटच्या दातापर्यंत. समुद्र दोन गल्ल्यांवर, हवा ही अशी खारट, आणि या राजेश्रींनी ब्रेक आवळून गाडी ठेवली! महिन्याभरात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, इथे तर बावीस वर्षं. रागावू नका मावशी, पण तुमचा नवरा अगदीच अडाणी."

"अडाणी?" तसादित ताडकन उठली. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याचीच बाजू घ्यायला आपण उठलो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पण खोटं ऐकून तरी कसं घ्यायचं? "अरे, तो वाळवंटात तेलविहिरीवर कामाला होता. चार आठवडे तिकडे, चार आठवडे घरी. जाताना हँडब्रेकला बोट लावायचा नाही. गाडी गिअरमध्ये टाकायचा आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारायचा. मी म्हणायचे, माझ्यापेक्षा या गाडीचीच काळजी जास्त. तर म्हणायचा, 'तू गंजत नाहीस, ही गंजते.'"

"मग हा तुम्ही ओढलात?"

"मी जन्मात त्या सीटवर बसले नाही."

"म्हणजे त्यांनीच ओढला. एरवी कधी ओढायचे?"

"कधी म्हणजे? रोजच. बाहेरून आला की तो करकर आवाज वर घरात ऐकू यायचा, मग मी कॉफी ठेवायचे. कोपऱ्यावर पाव आणायला जायचं असलं, दाढीला जायचं असलं, तासाभरात पुन्हा गाडी काढायची असली, तर..."

तिची नजर आतल्या ओढलेल्या ब्रेककडे गेली.

हमीदूनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर चाकाकडे वळवली. त्या साली तो शाळेत असेल. पण यादवीची ती वर्षं अल्जिअर्समध्ये कुणाला सांगावी लागत नाहीत. नाक्यानाक्यावर बंदुका असायच्या. पाव आणायला गेलेली माणसं परत यायची नाहीत, आणि कुणी नेली ते कुणी विचारायचं नाही.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "लांब जायला निघालेला माणूस असा ब्रेक ओढत नाही."

तसादित आत गेली. लाकडाचा ठोकळा कोपऱ्यात भिंतीला टेकून होता. त्यावर बोटभर धूळ बसली होती.

"ठोकू का अजून?" हमीदूनं विचारलं.

"नको. आज राहू दे तिला तिथंच."

समोरच्या जिन्यानं वर शेजारीण जूहर राहत होती. त्याच वर्षांत तिचा मुलगा कामावरून घरी आला नव्हता. तिच्यासारख्या बायका दर बुधवारी आपापल्या माणसाचा फोटो छातीशी धरून चौकात उभ्या राहत. अठ्ठ्याण्णव साली जूहर तसादितच्या दारी आली होती. "आम्ही यादी करतोय. तुझ्या माणसाचंही नाव देऊ या." तसादितनं तिच्या तोंडावर दार आपटलं होतं. "तुमचे हरवले असतील. माझा पळालाय." तेव्हापासून बुधवारी ती चौकाला वळसा घालून बाजारात जाई.

आज तिनं जूहरचं दार वाजवलं. जूहर काठी टेकत आली. तिनं तसादितचा चेहरा पाहिला आणि एका शब्दानं काही न विचारता तिला आत घेतलं. चष्मा लावला. वही काढली.

"नाव?"

"अरेझ्की." किती वर्षांनी ते तिच्या ओठांवर आलं होतं.

"कधीपासून?"

"पंचाण्णव. मार्च."

जूहरनं सावकाश लिहून घेतलं. उशीर का केलास, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"उद्याच बुधवार आहे. ये. फोटो तेवढा आण. छोटा असला तरी चालेल, मी मोठा करून घेते. चेहरा दिसला म्हणजे झालं."

तसादित मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहत राहिली. जूहरच्या तोंडावर दार आपटलं, त्याच दुपारी तिनं कात्री घेतली होती, आणि घरातल्या एकूण एक फोटोतून, लग्नाच्यासुद्धा, त्याचा चेहरा कापून चुलीत टाकला होता.